हुतात्मा चौकातील नामावली

मुंबई पाहून परत आलेल्या मनुष्यास गावात चार प्रश्न ठरलेले असतात. राणीचा बाग पाहिला काय, समुद्र पाहिला काय, बांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीचे दर्शन घडले काय, आणि खिसा शाबूत राहिला काय? आम्हांसही हे चारही प्रश्न विचारण्यात आले, व चारही प्रश्नांचे उत्तर आम्ही आनंदाने 'होय' असे दिले. परंतु ह्या प्रवासात आमच्या मनात जे सर्वांत खोल रुतून बसले त्याविषयी कोणी काहीच विचारले नाही. ते स्थळ म्हणजे ना बाग, ना देऊळ, ना समुद्र. चार रस्ते जेथे मिळतात असा तो एक चौक आहे. त्याविषयी दोन शब्द लिहावेत असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यात, जैनद आणि बेला ह्या गावांच्या टापूत आहे. नदीच्या पलीकडील काठ यवतमाळ जिल्ह्याचा, म्हणजे महाराष्ट्राचा. अलीकडील काठ तेलंगणाचा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येते. घरात आम्ही मराठी बोलतो, तहसिलीत तेलुगू बोलतो, बाजारात दोन्हींची खिचडी चालते. एका नातलगाच्या लग्नानिमित्त गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयतां, आमची वृद्ध आत्याबाई आणि बारा वर्षांचा नातू असे चौघे नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईस गेलो. किनवट, नांदेड, परभणी, जालना, मनमाड असा तो मार्ग आहे. आत्याबाईंनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. त्यांनी सगळ्या वाटेत मिळून एकच स्टेशन जागेपणी पाहिले, ते किनवट. "हे आपल्याच जिल्ह्यात होतं," असे म्हणून त्या पुन्हा झोपी गेल्या. त्या वाक्याचा पुढे संबंध येणार आहे.

लग्न पार पडले. परतीच्या गाडीला वेळ होता. सामान एका परिचितांकडे ठेवून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी दक्षिणेकडे निघालो. दादाभाई नौरोजी ह्यांच्या नावाचा हा रस्ता. दोहो बाजूंस दगडी कमानींच्या उंच इमारती, खाली सावलीची पादचारी वाट, आणि त्या वाटेवर चष्म्यांपासून चाकूंपर्यंत सर्व वस्तूंचे विक्रेते. रस्ता संपतो तेथे दादाभाईंचा पुतळा बसलेला आहे. त्याच्या पुढे मोकळी जागा लागते व मध्यभागी एक पांढरे कारंजे दिसते. हेच फ्लोरा फाउंटन होय.

कारंज्याच्या शिरावर एक स्त्रीमूर्ती उभी आहे. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहून नकळत कपाळाकडे हात नेला आणि विचारले, "ही कोणती संत रे, बाबा?" आम्ही सांगितले, "आत्याबाई, ही संत नव्हे. जुन्या रोमन लोकांची ही फुलांची देवता." त्यांनी हात तसाच खाली घेतला व पदर सारखा केला. नातवास हसू आवरेना. परंतु आम्हांस वाटते की आत्याबाईंची चूक अगदीच अनाठायी नव्हती. कारण ह्या जागेचा आणि चर्चचा संबंध फार जुना आहे.

इंग्रजांच्या काळी मुंबईच्या ह्या भागास तटबंदी होती. म्हणून त्यास आजही 'फोर्ट' म्हणतात. तटाला तीन मोठे दरवाजे होते. एक अपोलो गेट, दुसरे बाजार गेट आणि तिसरे चर्च गेट. ह्या तिसऱ्या दरवाजातून आत गेले की सरळ रस्ता संत थॉमसच्या चर्चकडे जाई, म्हणून त्यास ते नाव पडले. १८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दीत तट पाडण्यात आला. दरवाजा गेला, पण नाव राहिले. आज ते पश्चिम रेल्वेच्या स्टेशनास लागलेले आहे, आणि दररोज ते उच्चारणाऱ्या लाखो लोकांना त्यातील चर्च कोणते हे क्वचितच ठाऊक असेल. दरवाजा होता त्या ठिकाणी आज हे कारंजे आहे.

संत थॉमसचे ते चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी उघडण्यात आले. ते अँग्लिकन पंथीयांचे होते. १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. पूर्वेकडे पाच-सात मिनिटे चालून आम्ही ते पाहून आलो. मुंबईचे जुने मैलाचे दगड ह्या चर्चपासून अंतर मोजून बसविलेले होते. आमच्या आदिलाबाद धर्मप्रांतातील लोकांना संत थॉमसचे नाव परके नाही. आमचा भाग पूर्वी चांदा मिशनात होता. ते मिशन १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले, आणि १९९९ मध्ये त्यातून आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. त्या फादरांची श्रद्धापरंपरा संत थॉमस प्रेषितापर्यंत जाते. म्हणजे मुंबईची वेस ज्याच्या नावाने ओळखली गेली, त्याच प्रेषिताच्या परंपरेतील माणसांनी आमच्या पैनगंगेकाठी घंटा वाजविली.

कारंज्याची हकीकत थोडक्यात सांगतो. १८६४ मध्ये ते उभे राहिले. पश्चिम भारताच्या कृषी व उद्यान संस्थेने ते बांधविले. खर्च सुमारे ४७,००० रुपये आला व त्यांपैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दुनजी पारेख ह्या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ ह्यांचा, कोरीव काम जेम्स फोर्साइथ ह्यांचे, आणि दगड इंग्लंडातून आणलेला पोर्टलंडचा. मुळात ते भायखळ्याच्या बागेत बसवावयाचे होते, म्हणजे ज्या राणीच्या बागेविषयी गावातील लोक विचारतात तेथेच! पुढे बेत बदलला. मध्यंतरी मूर्तीवर तैलरंगाचे थर चढवून मूळ दगड झाकून टाकण्यात आला होता. अलीकडील दुरुस्तीत ते थर काढण्यात आले आणि २०१९ पासून पाणी पुन्हा खेळू लागले. ह्या कामात जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला बंद झाली. आमच्या वडिलांनी तरुणपणी मुंबईस जाऊन ट्रामचा प्रवास केला होता व तिचे वर्णन ते आम्हांस रात्री अंगणात ऐकवीत. नातवास हे सांगितले तेव्हा तो रस्त्याकडे वाकून पाहू लागला.

परंतु आम्ही तेथे गेलो होतो ते कारंज्यासाठी नव्हे. कारंज्याच्या शेजारीच दुसरे स्मारक आहे. एक शेतकरी आणि एक कामगार, दोघे मिळून एक मशाल उंच धरून उभे आहेत. ह्या स्मारकामुळेच त्या जागेला 'हुतात्मा चौक' हे नाव मिळाले. आम्ही पोहोचलो तो दिवस २२ नोव्हेंबर होता. आदल्या दिवशी, म्हणजे २१ तारखेस, हुतात्म्यांचा स्मृतिदिन झालेला. पायथ्याशी मोठमोठी पुष्पचक्रे होती व झेंडूच्या माळा उन्हाने कोमेजू लागल्या होत्या. गर्दी मुळीच नव्हती. कचेरीत जाणारे लोक घड्याळाकडे पाहत बाजूने निघून जात होते. एक सफाई कामगार बाई गळलेल्या पाकळ्या टोपलीत भरीत होती.

तरुण वाचकांसाठी मागची हकीकत सांगणे अवश्य आहे. १९५५ च्या सप्टेंबरअखेर राज्य पुनर्रचना आयोगाने आपला अहवाल दिला. तेलुगू भाषिकांचे आंध्र राज्य त्यापूर्वीच, १९५३ मध्ये, झालेले होते. मराठी भाषिकांना मात्र मुंबईसह एक राज्य देण्यास आयोग तयार नव्हता. पुढे तीन राज्यांची योजना निघाली. तीत मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवावयाचे होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत संप पुकारला गेला. कामगारांचा व नागरिकांचा प्रचंड जमाव ह्या चौकात लोटला. तेव्हा विधानसभा येथून जवळच भरत असे व लोकांना तिकडे जावयाचे होते. पोलिसांनी प्रथम लाठ्या व अश्रुधूर वापरला आणि मग गोळ्या झाडल्या. त्या दिवशी पंधरा माणसे मेली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असे पंडित नेहरूंनी जाहीर केले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात शहरात ठिकठिकाणी पुन्हा गोळीबार झाला. ह्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी राजीनामा दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती लोकांचे एकत्र द्विभाषिक राज्य करण्यात आले. तेही टिकले नाही. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. बळी गेलेल्यांची संख्या १०५ वा १०६ अशी सांगण्यात येते. नामावलीत मागाहून नावांची भर पडलेली आहे.

ह्या सर्व घडामोडीत आमचे काय झाले? १९५६ च्या त्याच १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. परंतु त्यातून किनवटचा भाग व राजुरा तालुका काढून मराठी मुलखास जोडण्यात आला. आत्याबाई गाडीत जे पुटपुटल्या ते हेच. त्यांचे सासर किनवटकडील. माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात असताना त्या झोपल्या, आणि उठल्या तेव्हा मध्ये राज्याची सीमा आली होती, असे त्या म्हणतात. ही अर्थात त्यांच्या बोलण्याची रीत झाली. त्या वेळी त्या लहान होत्या व लग्न पुष्कळ मागाहून झाले. पण त्यांच्या वडिलांनी गावच्या लोकांसमवेत एका अर्जावर अंगठा उठविला होता, आणि आमचे गाव नदीपलीकडच्या जिल्ह्यास जोडावे अशी विनंती केली होती, हे खरे आहे. अर्ज एका कचेरीत दिला गेला. उत्तर आले नाही. आजोबा मरेपर्यंत टपालवाल्यास विचारीत असत.

चौकात दगडी कठड्याच्या कडेला आत्याबाईंना बसविले. हुतात्म्यांची नामावली आम्ही घरूनच एका वहीत उतरवून नेली होती. वाचावयाची कोणी? आमचा चष्मा सामानात राहिलेला. तेव्हा वही नातवाच्या हाती दिली. तो तेलुगू शाळेत शिकतो. मराठी त्यास कोणी शिकविलेली नाही. परंतु शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी अक्षरे त्यास येतात. आपली मातृभाषा आपला नातू दुसऱ्या भाषेच्या मदतीने अडखळत वाचतो, हे ऐकताना आम्हांस बरे वाटले नाही. दोष त्याचा नाही, त्याच्या शिक्षकांचाही नाही. संध्याकाळच्या जपमाळेनंतर अर्धा तास त्यास घेऊन बसणे आम्हांस शक्य होते. आम्ही ते केले नाही.

"सीताराम बनाजी पवार," नातू वाचू लागला. "जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ."

आत्याबाईंनी हात वर केला. "जोसेफ? आपला का?"

आम्ही त्यांना सांगितले की कोकणात बेने इस्रायल नावाचा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. ते लोक मराठीच बोलत, आणि गावावरून पडलेली अशी 'कर' अखेरची आडनावे व बायबलातील नावे त्यांच्यात सर्रास असतात. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या प्रभूच्याच जातीचा की." ह्यावर आम्हांस काही उत्तर सुचले नाही.

नातू पुढे वाचीत गेला. मीनाक्षी मोरेश्वर हे नाव आले. वेदीसिंग आले. मग आले के. जे. झेवियर, आणि त्यास लागून पी. एस. जॉन. येथे मात्र नातू स्वतःच थांबला. "आजोबा, ही तर आपल्या फादरांसारखी नावे!" खरोखर, नावापुढे अशी दोन अक्षरे लावण्याची रीत आम्ही आमच्या मलबारी धर्मगुरूंमध्येच पाहिलेली आहे. पुढे एडविन अ‍ॅम्ब्रोझ साळवी हे नाव लागले. महमद अली व सय्यद कासम लागले. ठमाबाई विठ्ठल सूर्यभान ह्या एका बाईचे नाव लागले. आणि एका ठिकाणी पोराचा चेहरा एकदम उजळला. तो मोठ्याने वाचू लागला, "बालण्णा मुतण्णा कामाठी!" बाजूने जाणारे दोघे वळून पाहू लागले. "आजोबा, हा तर आपल्याकडचा!"

होय, ते आमच्याकडचेच नाव होते. जुन्या हैदराबाद मुलखातून तेलुगू बोलणारी कष्टकरी माणसे शे-दोनशे वर्षांपूर्वी मुंबईस इमारती बांधण्यासाठी गेली. त्यांना कामाठी म्हणत व त्यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव पडले. तेव्हा मराठी राज्यासाठी जे बळी गेले त्यांत एक तेलुगू नाव आहे, आणि आम्ही मराठी माणसे तेलुगू राज्यात राहतो. ह्या नामावलीतील प्रत्येक मनुष्य घोषणा देतच पुढे आला होता असे समजण्याचे कारण नाही. गोळी कोणास विचारून लागत नाही, आणि गर्दीत वाटसरूही असतात. परंतु मेल्यावर त्यांची नावे एकाच यादीत लिहिली गेली व कोणी त्यांची मातृभाषा विचारली नाही.

लग्नाच्या मांडवात एका गृहस्थांनी आम्हांस विचारले होते, "तुम्ही मराठी, मग तेलंगणात कशाला राहता?" प्रश्न सरळ मनाने केलेला होता, तरी तो आम्हांस लागला. जमीन तेथे आहे, वाडवडिलांच्या कबरी तेथे आहेत, शेजारचा तेलुगू शेतकरी आमच्या बैलाला आपल्या विहिरीचे पाणी देतो, हे सर्व त्या घाईत सांगता आले नाही. आमच्याहून अवघड स्थिती पूर्वेकडील जिवती डोंगरातल्या चौदा गावांची आहे. त्यांवर महाराष्ट्र व तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील घरांत दोन राज्यांची दोन रेशनकार्डे असतात. ऐकणारे हसतात, परंतु दोन शाळा असूनही मुलाने कोणत्या शाळेत जावे हे ठरविताना त्या आईबापांना हसू येत नसेल.

आणि हुतात्म्यांची स्मारके काय मुंबईतच आहेत? हैदराबादेस विधानसभेसमोर गनपार्कमध्ये १९६९ च्या तेलंगण चळवळीतील मृतांचा स्तंभ आहे. ते राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. आमच्याच जिल्ह्यात, उटनूरच्या वाटेवर, इंद्रवेल्लीचा स्तूप आहे. २० एप्रिल १९८१ रोजी तेथे आपल्या जमिनीच्या हक्कांसाठी गोळा झालेल्या गोंड बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. मुंबईची नामावली वहीत उतरवून नेणारे आम्ही, आमच्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या इंद्रवेल्लीस नातवाला अद्याप एकदाही घेऊन गेलेलो नाही. चौकात बसल्या बसल्याच हे आमच्या ध्यानात आले व मनास ओशाळवाणे वाटले.

यादी संपावयास बराच वेळ लागला. आत्याबाईंनी मग आपली जपमाळ काढली. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. भर रस्त्यात, मोटारींच्या आवाजात, आम्ही चौघांनी मृतांसाठी एक 'आमच्या बापा', एक 'नमो मरिया' आणि 'हे प्रभो, त्यांस चिरविश्रांती दे' असे म्हटले. पाकळ्या गोळा करणारी ती बाई झाडू थांबवून आमची प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली. तिने काही विचारले नाही.

गाडीस अद्याप अवकाश होता. तेव्हा पश्चिमेकडे थोडे चालून ओव्हल मैदानापर्यंत गेलो. मुले क्रिकेट खेळत होती. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ह्याच मैदानावर अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक परिषद भरली होती व परमगुरुस्वामी पोप पॉल सहावे तीसाठी मुंबईस आले होते. परत जाताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना त्यांच्या गरिबांसाठी देऊन टाकली, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. आमच्या वडिलांनी ट्राम पाहिली, पण ह्या समारंभास येणे त्यांना जमले नाही. त्या वर्षी कापसाचे पैसे हाती आले नव्हते. आत्याबाईंनी मैदानाच्या कडेची चिमूटभर माती रुमालाच्या गाठीत बांधून घेतली. ती आता आमच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली ठेवलेली आहे.

घरी आल्यावरची एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरभर वेदीजवळ एक पेटी असते. आपापल्या मृतांची नावे कागदावर लिहून कुटुंबे त्या पेटीत टाकतात व महिन्याच्या अखेरच्या मिस्सात फादर ती वाचतात. ह्या वर्षी आमच्या घरचे पाकीट फार जाड झाले. मिस्सानंतर फादरांनी आम्हांस बाजूस बोलावले आणि आपल्या मलबारी वळणाच्या तेलुगूत विचारले की एका घरात इतकी माणसे कधी वारली? आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी कागद पुन्हा उलगडला, यादीवरून बोट फिरवीत के. जे. झेवियर ह्या नावापाशी थांबले, आणि ते कोणत्या गावचे असे विचारले. आम्हांस ते ठाऊक नव्हते. नातवाने मात्र मध्येच तोंड घातले, "फादर, ह्या यादीत एक आमच्याकडचासुद्धा आहे," आणि बालण्णांचे नाव कोठे आहे ते त्यांस दाखवू लागला.